मुसाफिराचे राहिलेले रोजे

मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटं उरलेली असतात. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागलेली असते. खिडकीजवळ बसलेला एक गृहस्थ पुन्हा पुन्हा मनगटावरच्या घड्याळाकडं बघतो आणि मांडीवरच्या डब्याचं झाकण हळूच उघडतो. आत सात-आठ खजूर, केळ्याचे काप, कांद्याची चार भजी. लांबच्या मशिदीतून अजान ऐकू येते. तो बिस्मिल्लाह म्हणून एक खजूर तोंडात टाकतो आणि लगेच डबा शेजारच्या अनोळखी प्रवाशापुढं धरतो. “घ्या ना.” शेजारचा रोजेदार आहे का, मुसलमान आहे का, कुठल्या गावचा आहे, यातलं काहीच विचारलं जात नाही. शेजारचा आधी नको-नको म्हणतो आणि मग एक भजं उचलतो. तेवढ्यात गाडी सुटते.

रमजानच्या महिन्यात हे दृश्य आपल्याकडं कुठल्याही तालुक्याच्या गावी बघायला मिळतं. पण प्रवास लांबचा असेल, तर या गृहस्थाला त्या दिवशी रोजा न धरण्याची मुभा असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. कुरआनात जिथं रोजे फर्ज केल्याचं सांगितलं आहे, तिथंच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. हनफी फिकहनुसार साधारण ४८ मैल, म्हणजे पाऊणशे किलोमीटरच्या पुढं जाणारा माणूस ‘मुसाफिर’ ठरतो. त्याला चार रकात फर्ज नमाजऐवजी दोनच रकात पुरतात. जकात ज्यांना द्यावी अशा आठ प्रकारच्या लोकांमध्येही मुसाफिराचा समावेश आहे. मग तो आपल्या गावी श्रीमंत का असेना. वाटेत अडकलेला माणूस हा त्या वेळेपुरता गरीबच. घर मागं सुटलं, की माणसाची पत, ओळख, नातीगोती सगळं मागं राहतं आणि तो अनोळखी लोकांच्या भरवशावर येतो, ही जाणीव या नियमांच्या मुळाशी आहे.

‘मुसाफिर’ हा शब्द मराठीला परका नाही. आपण ‘मुशाफिर’ म्हणतो, ‘मुशाफिरी’ म्हणतो. त्याचं मूळ ‘सफर’ या अरबी शब्दात आहे आणि या धातूचा आणखी एक अर्थ आहे. उघडं होणं, पडदा बाजूला होणं. पहाट फटफटते, अंधारातल्या वस्तू दिसू लागतात, त्यालाही याच धातूपासून आलेला शब्द वापरतात. जुने आलिम सांगत, की प्रवासाला सफर म्हणतात ते उगाच नाही. प्रवासात माणसाचा खरा स्वभाव उघडा पडतो. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्याबद्दल एक आठवण नेहमी सांगितली जाते. एका माणसानं दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, की तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी कधी पैशांचा व्यवहार केला आहेस का, त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? तिन्हींचं उत्तर नाही असं आलं. मग तू त्याला ओळखत नाहीस, असं उमर म्हणाले.

दुसऱ्याला ओळखण्याची ही कसोटी झाली. स्वतःला ओळखायचं असेल तर? तेव्हा बहुधा एकट्यानंच निघावं लागतं.

लिस्मोरचा चढ

आयर्लंडच्या दक्षिण भागात, वॉटरफर्ड काउंटीत लिस्मोर नावाचं छोटं गाव आहे. तिथं २८ नोव्हेंबर १९३१ रोजी डर्व्हला मर्फी हिचा जन्म झाला. वडील काउंटीचे ग्रंथपाल. घरात पैसा बेताचा, पुस्तकं मात्र भरपूर. आईला संधिवातानं इतकं ग्रासलेलं, की डर्व्हला रांगत होती तेव्हापासूनच आईचं चालणं-फिरणं संपत आलं होतं. पुढं दुसरं मूल झालं नाही.

दहाव्या वाढदिवसाला या मुलीला दोन भेटी मिळाल्या. आईवडिलांकडून एक जुनी सायकल आणि आजोबांकडून एक जुना नकाशासंग्रह. काही दिवसांनी गावाजवळच्या एका चढावर ती सायकल मारत होती. पायडलवर वरखाली होणाऱ्या आपल्याच पायांकडं बघताना तिच्या मनात आलं, की हे असंच करत राहिलं, थांबलंच नाही, तर आपण हिंदुस्थानला पोहोचू. पाय फिरत राहिले, की रस्ता सरत राहणार, इतका साधा हिशेब. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मोठी माणसं गालातल्या गालात हसतील, हे तिला माहीत होतं.

त्या चढावरून निघून दिल्लीला पोहोचायला तिला एकवीस वर्षं लागली. पैकी सोळा वर्षं ती घरातून फारशी हललीच नाही.

चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली. आईची शुश्रूषा करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. कामाला बाई मिळत नव्हती. मग अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, रात्री उठणं, स्वयंपाक, घरकाम हे सगळं मुलीकडं आलं. हे चित्र आपल्याला ओळखीचं आहे. आपल्या प्रत्येक गल्लीत अशी एखादी मुलगी असते. थोरली किंवा एकुलती एक. बाकीच्यांची लग्नं होतात, नोकऱ्या लागतात, ती मात्र आजारी आईच्या किंवा लकवा झालेल्या वडिलांच्या खाटेशी राहते. लोक तिचं कौतुक करतात, तिच्या सबराचे दाखले देतात आणि आपापल्या घरी जातात.

डर्व्हलानं पुढं १९७९ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. त्यात तिनं या वर्षांना साखर लावलेली नाही. आईनंच तिला वाचनाचं वेड लावलं आणि आईनंच एकटीनं सायकलवर फिरून ये म्हणून प्रोत्साहन दिलं, हेही त्यात आहे. काही आठवड्यांची सवड काढून ती वेल्स, इंग्लंड, बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, स्पेन असे छोटे प्रवास करून आली. पण आईची दुखणी वाढत गेली तशी घराची दारं बंद होत गेली. शेवटची काही वर्षं तर मायलेकी दोघींनाही असह्य झाली. १९६१ मध्ये वडील गेले, १९६२ मध्ये आई गेली. दुःखाबरोबर आपल्याला सुटका झाल्यासारखंही वाटलं, हे तिनं लपवलं नाही. आजाऱ्याची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या कितीतरी माणसांच्या मनात ही भावना येते आणि तिची लाज वाटून ती आयुष्यभर गप्प राहतात. डर्व्हलानं ती कागदावर उतरवली.

आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. तेव्हा तिनं तिशी गाठली होती.

गिअर काढून टाकलेली सायकल

१४ जानेवारी १९६३ रोजी तिनं फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून दिल्लीच्या दिशेनं सायकल मारायला सुरुवात केली. त्या वर्षीचा हिवाळा युरोपातल्या कित्येक दशकांतला सगळ्यात कडाक्याचा होता. पण तिनं तारीख बदलली नाही.

सायकल आर्मस्ट्राँग कंपनीची, पुरुषांची. नाव रोझिनांते, लाडानं रोझ. डॉन किहोते या कादंबरीतल्या खंगलेल्या घोड्याचं हे नाव. सायकलीला गिअर होते, ते तिनं निघण्याआधी काढून टाकले. आशियातल्या खडबडीत रस्त्यांवर नाजूक वस्तू टिकणार नाही आणि बिघडली तर दुरुस्त करणारा मिळणार नाही, हा हिशेब. सायकलीचं वजन सतरा किलोच्या आसपास, सामान त्याहून कमी. सुटे टायर वाटेतल्या शहरांत आधीच पाठवून ठेवलेले. सोबत एक छोटं पिस्तूल होतं, तेही चालवायला शिकून घेतलेलं. मोटार चालवायला मात्र ती आयुष्यात कधीच शिकली नाही.

सुरुवातीलाच बर्फानं तिला नमवलं. काही टप्पे रेल्वेनं, काही मालवाहू ट्रकमधून काढावे लागले. युगोस्लाव्हियात रात्री असाच एक ट्रक रस्त्यावरून घसरला. मदत आणायला ती अंधारात पायी निघाली आणि लांडग्यांनी तिला गाठलं. एकानं तर खांद्याजवळ जाकीटच पकडलं. पिस्तुलामुळं ती वाचली.

पिस्तूल नंतरही दोनदा बाहेर काढावं लागलं, तेव्हा समोर लांडगे नव्हते. तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला एका मुक्कामी रात्री एक पुरुष खोलीत शिरला. तिनं छताकडं गोळी झाडली, तसा तो पळाला. इराणच्या अझरबैजान प्रांतात काही जण सायकल हिसकावू लागले, तिथंही हवेत गोळी झाडून निभावलं. आणखी एका ठिकाणी तर गणवेशातल्या माणसाच्याच तावडीतून तिला निसटावं लागलं. हे सगळे प्रसंग मुस्लीम मुलखातले आहेत आणि ते गाळून तिची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. एकट्या बाईला सावज समजणारे पुरुष त्या मुलखातही होते, जसे ते कुठल्याही मुलखात, कुठल्याही शहराच्या रात्रीच्या रस्त्यावर असतात.

तिनं या प्रसंगांचा बाऊ केला नाही, की त्यावरून त्या देशांचा निकालही लावला नाही. एकेक प्रसंग रोजच्या नोंदीत आपल्या जागी येतो आणि त्याच पानावर कुणी दिलेला गरम चहा, कुणी अंथरून दिलेली गोधडीही येते. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहाव्यात, तसं तिचं लिहिणं आहे.

ओळखदेख नसलेले यजमान

तेहरानमध्ये अफगाणिस्तानच्या वकिलातीत एकट्या बाईला सायकलवर जाण्यासाठी व्हिसा द्यायला अधिकारी तयार नव्हते. बऱ्याच खटपटीनंतर तो मिळाला. तिथून निशापूर, मशहद आणि मग हेरात असा तिचा रस्ता होता.

मशहदच्या जवळच तूस आहे. इमाम गझाली या थोर विद्वानाचं हे जन्मगाव. प्रवासात माणसाचं शील उघडं पडतं, हा सफर शब्दाचा अर्थ त्यांनीही आपल्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात सांगितला आहे. या ग्रंथात प्रवासाच्या रीतिरिवाजांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. गझालींना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. बगदादच्या निजामिया मदरशातलं प्राध्यापकपद म्हणजे त्या काळी विद्वत्तेचं सर्वोच्च आसन. १०९५ मध्ये तिथं शिकवत असताना त्यांना जाणवलं, की आपण हे खुदासाठी नव्हे, नावासाठी करतो आहोत. घालमेल इतकी वाढली, की वर्गात तोंडातून शब्द फुटेना, घास गिळवेना. शेवटी कुटुंबाची सोय लावून, उरलेला पैसा वाटून टाकून ते बगदादहून बाहेर पडले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का-मदिना असे फिरले. पुन्हा शिकवायला उभे राहिले ते अकरा वर्षांनी, निशापूरला.

डर्व्हला मर्फीची तुलना इमाम गझालींशी करायचं कारण नाही. ती कॅथलिक घरात जन्मली, पुढं कुठलाच धर्म मानेनाशी झाली. खुदाच्या शोधात ती निघाली नव्हती. स्वतःच्या शोधात निघाल्याचाही तिचा दावा नव्हता. तिला फक्त हिंदुस्थानला जायचं होतं. पण दोघांनीही सवयीचं छप्पर सोडलं आणि एकाच रस्त्याची धूळ खाल्ली.

अफगाणिस्तानानं तिला जिंकलं. हेरातमध्ये पाऊल टाकल्यापासून ती त्या देशाच्या प्रेमात पडली. चहाखान्याच्या जमिनीवर इतर वाटसरूंच्या ओळीत झोपायचं, सकाळी नान आणि चहा घ्यायचा आणि निघायचं. पठाणांच्या पख्तूनवलीत ‘मेलमस्तिया’, म्हणजे पाहुणचार, हा शौर्याइतकाच मोठा गुण समजला जातो. पाहुण्याचा तीन दिवसांचा हक्क असतो, अशी हदीसमध्येही शिकवण आहे. पाहुणा कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, हा प्रश्न त्यात येत नाही. वारीच्या वाटेवरची गावं वारकऱ्याची जात न विचारता त्याच्यापुढं पिठलं-भाकरी ठेवतात, तसंच हे.

सगळ्यात मोठी इजाही तिला याच लाडक्या देशात झाली आणि तीही सायकलवर नव्हे, बसमध्ये. प्रवाशांचं आपापसात भांडण जुंपलं, त्यात एका रायफलीचा दस्ता तिच्या बरगड्यांवर बसला. तीन बरगड्या मोडल्या. थोडी विश्रांती घेऊन ती पुढं निघाली. अफगाणांवरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही.

बामियानच्या खोऱ्यातही ती गेली. डोंगरात कोरलेल्या त्या उत्तुंग बुद्धमूर्ती तेव्हा उभ्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी शतकानुशतकं मुसलमान शेतकरी शेती करत आले, त्यांनी त्या राखल्या. २००१ मध्ये तालिबाननं त्या उडवून दिल्या. १९६३ चा तो रस्ताही आता तसा राहिलेला नाही. १९७९ हे एकच वर्ष बघा. वर्षाच्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. युरोपातून सायकलवर निघून काबूलच्या बाजारात चहा पिणं ही त्या आधीच्या पिढीला जमलेली गोष्ट आज कहाणी वाटते.

पूर्वेकडून पश्चिमेला

या रस्त्यानं उलट्या दिशेनं जाणारे आपलेही लोक होते, हे इथं आठवायला हवं. १९२३ मध्ये मुंबईतले काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर नावाचा मुंबईचा पारशी क्रीडा पत्रकार एकटाच निघाला. कित्येक महिने एकट्यानं सायकल चालवून तो व्हिएन्नाला पोहोचला. तिथं त्याला गुस्ताव नावाचा एक जोडीदार मिळाला. दोघांनी मिळून सहारा वाळवंट आणि दक्षिण अमेरिकेतलं ॲमेझॉनचं जंगल पार केलं. दावर परतला तो १९३१ मध्ये, म्हणजे लिस्मोरमध्ये डर्व्हलाचा जन्म झाला त्याच वर्षी. आज मुंबईतही त्याचं नाव फार जणांना माहीत नाही.

बर्फाची खिंड आणि दिल्लीचा उन्हाळा

पाकिस्तानात डर्व्हला स्वात संस्थानच्या राजघराण्याची पाहुणी झाली आणि खेड्यातल्या बाजेवरही झोपली. रावळपिंडीहून ती विमानानं गिलगिटला गेली आणि तिथून सायकलवर निघाली. सिंधू नदीच्या उघड्या-बोडक्या दऱ्यांतलं ऊन असं होतं, की तिला उष्माघात झाला. पुढं लगेच बाबूसर खिंड, उंची तेरा हजार फुटांहून जास्त. तिथं अजून बर्फ होतं, वाहनं सुरू झालेली नव्हती. जिथं सायकल तिला नेऊ शकत नव्हती, तिथं तिनं सायकलीला खांद्यावर घेऊन नेलं.

जुलै १९६३ मध्ये ती दिल्लीला पोहोचली. सहा महिने लागले होते. सगळ्या प्रवासाचा खर्च ६४ पौंडांच्या आसपास. इतक्या कमी पैशांत हे जमलं, याचं एक कारण तिच्या गरजा कमी होत्या. दुसरं कारण असं, की रस्त्यावरच्या माणसांनी तिच्याकडून पैसे घेतलेच नाहीत. गरिबी आणि कष्टांतून गेलेलं बालपण ही आपली उमेदवारीच होती, असं ती मानत असे. थंड घर, अपुरी झोप, मिळेल ते खाणं, याची सवय तिला आईच्या खाटेशी लागली होती.

इथपर्यंतची गोष्ट साहसाची. पण सफर या शब्दाचा तो दुसरा अर्थ खरा होतो तो यापुढं.

दिल्लीत पोहोचल्यावर ती परतली नाही. १९५९ नंतर दलाई लामांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्या मुलांसाठी धरमशाला इथं दलाई लामांच्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांच्या देखरेखीखाली एक बालगृह चालत होतं. जागा अपुरी, माणसं कमी, खरूज, हगवण, खोकला यांनी बेजार झालेली लहान लहान मुलं. डर्व्हला तिथं कामाला लागली. मुलांना अंघोळ घालणं, औषध लावणं, पोटाशी धरणं.

सोळा वर्षं जे काम करून ती कंटाळली, ज्यातून सुटल्यावर तिला हायसं वाटलं, सहा महिने सायकल मारून ती पुन्हा त्याच कामापाशी आली होती. या वेळी तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडकवलं नव्हतं. तिला कंटाळा सेवेचा नव्हता. दुसरा पर्यायच नसण्याचा होता, असं म्हणायला हरकत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या मुलींचं कौतुक करताना आपण हाच फरक विसरतो. रोजाही असाच असतो. घरात अन्न नाही म्हणून उपाशी राहणं हा रोजा नव्हे. समोर पाण्याचा तांब्या आहे, बघणारं कुणी नाही, तरी नियत केली आहे म्हणून हात पुढं जात नाही, तो रोजा.

लोक तिला शूर म्हणत, ते तिला पटत नसे. ज्याला भीती वाटते आणि तरी जो पुढं जातो तो शूर. मला आधीपासून भीती वाटतच नाही, तर शौर्य कसलं, असं तिचं म्हणणं असे. वाईट घडेपर्यंत वाईट घडेल असं ती धरून चालत नसे. समोरचा माणूस भला आहे असं समजून सुरुवात करायची, तो तसा नाही निघाला तर तेव्हा बघू. मोडलेल्या बरगड्यांसह तिनं हा हिशेब पक्का केला होता.

राहिलेले रोजे

प्रवासाचं पहिलं पुस्तक १९६५ मध्ये निघालं, ‘फुल टिल्ट’. त्यानंतर नेपाळ, इथिओपिया, पेरू, मादागास्कर असे कितीतरी देश झाले. १९६८ मध्ये मुलगी झाली, तिला तिनं एकटीनं वाढवलं आणि ती पाच वर्षांची होताच तिला घेऊन दक्षिण भारतात कुर्गला आली.

पण एक मुलूख अजून नीट बघायचा राहिला होता. तो लिस्मोरहून एका दिवसात गाठता येईल इतका जवळ होता.

उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांमध्ये रक्त सांडत होतं. देव एकच, येशू एकच, बायबल एकच, तरी वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, मधे भिंती. कुठल्या रस्त्यावर कुणी पाय टाकायचा हेही ठरलेलं. दक्षिणेतले लोक बातम्या ऐकत, हळहळत आणि आपल्या कामाला लागत. १९७६ मध्ये डर्व्हला सायकल घेऊन तिकडं गेली. जन्मानं ती एका बाजूची. पण ती दोन्ही बाजूंच्या घरांत गेली, दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरांत चहा प्यायली. काबूलच्या चहाखान्यात जसं ऐकलं, तसंच इथं ऐकलं. त्यावरचं तिचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. शांतता आणि समेटाला हातभार लावणाऱ्या लेखनासाठी दिला जाणारा ख्रिस्तोफर युअर्ट-बिग्ज स्मृती पुरस्कार त्याला मिळाला. ज्यांच्या नावे हा पुरस्कार आहे, ते ब्रिटिश राजदूत १९७६ मध्येच डब्लिनमध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले होते.

पुढं १९८५ मध्ये ती इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला, पाकिस्तानातून येऊन स्थायिक झालेल्या मुसलमानांच्या वस्तीत जाऊन राहिली, नंतर बर्मिंगहॅमला. तिथल्या गोऱ्यांना आपल्याच शहरातल्या या गल्ल्यांपेक्षा स्पेनचा समुद्रकिनारा जास्त ओळखीचा होता. ऐंशीच्या उंबरठ्यावर, २०११ मध्ये, ती गाझात महिनाभर राहून आली. २२ मे २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, लिस्मोरमधल्या आपल्या घरी तिनं डोळे मिटले.

मुसाफिराला रोजाची सवलत आहे, पण ती माफी नव्हे. आयत तिथंच पुढं सांगते, की तेवढेच दिवस नंतर भरून काढा. याला कजा म्हणतात. सफरीत जे राहिलं, ते घरी परतल्यावर, सगळे जेवत असताना, एकट्यानं पूर्ण करायचं. त्याला ना सहरीची वर्दळ असते, ना इफ्तारच्या बाजारातली रोषणाई. प्रवासापेक्षा अनेकदा हेच जड जातं. डर्व्हला मर्फी रोजा ठेवणारी नव्हती, पण कजा तिला कळला होता, असं तिच्या पुढच्या आयुष्याकडं बघून वाटतं. हेरात, गिलगिट, धरमशाला इथं अनोळखी माणसांनी तिच्यावर जो भरवसा टाकला, तो तिनं घराजवळ येऊन फेडला.

आपल्यातले फार थोडे जण सायकल घेऊन एकटे काबूलला जातील. तेवढी सुट्टी नसते, वाट मोकळी नसते, घरी खाटेवर कुणीतरी असतं. पण प्रत्येक गावात अशी एखादी गल्ली असते, जिच्या तोंडाशी आपण रोज रिक्षातून उतरतो आणि आत कधीच गेलेलो नसतो. तिथलं दवाखान्याचं बोळ, तिथली पिठाची गिरणी, तिथलं देऊळ किंवा दर्गा आपल्याला फक्त बाहेरून माहीत असतो. अंतर मोजलं तर पाव किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा प्रवासाला शरिअतनं रोजाची सवलतही ठेवलेली नाही.

संध्याकाळी त्या गल्लीत इफ्तारची ताटं लागतात. अजानच्या आधीची ती पाच मिनिटं सगळे गप्प बसलेले असतात. आलेल्या माणसासाठी सरकून जागा करून दिली जाते आणि तो कोण, कुठला, हे खजूर संपेपर्यंत कुणी विचारत नाही.